मानसशास्त्रात पदवी घ्यायची आहे: बडोद्याच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचे निकाल लागले की पुढचे दीड-दोन महिने माझ्या फोनवर एकाच विषयाचे निरोप येत राहतात. कधी मांजलपूरची एखादी मुलगी स्वतः लिहिते, कधी दांडिया बाजारातले काका पुतण्यासाठी विचारतात. मी याच शहरात मानसशास्त्र शिकले आणि आता शाळेत समुपदेशक आहे. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मानसशास्त्र शिकलं की समोरच्याच्या मनातलं ओळखता येतं का?

नाही. माणूस काय करतो, काय आठवतो, कशाला घाबरतो, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे मानसशास्त्र. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तिथून हा विषय तत्त्वज्ञानापासून वेगळा झाला असं मानतात. पदवीला आधी वेदन (सेन्सेशन), संवेदन (पर्सेप्शन), अवधान (लक्ष), अध्ययन, स्मृती, प्रेरणा, भावना असे पायाचे विषय येतात. पुढे विकासात्मक, सामाजिक आणि अपसामान्य (मनोविकारांचं) मानसशास्त्र, मेंदू व मज्जासंस्था, चाचण्या आणि संख्याशास्त्र.

पण हा विषय खरं तर एक सवय लावतो: "कशावरून?" असं विचारायची. "मार बसल्याशिवाय मूल सुधारत नाही" हे आपण घरात सहज बोलतो. मानसशास्त्राचा विद्यार्थी विचारतो, कशावरून? न मारलेल्या कोणत्या मुलांशी तुलना केली? सुधारणा म्हणजे काय मोजलं, आणि किती दिवसांनी? हे प्रश्न ज्याला आवडतात त्याने हा विषय जरूर घ्यावा. ज्याला फक्त माणसांची स्वभाववर्णनं आवडतात त्याचा दुसऱ्याच सत्रात हिरमोड होतो. असे हुशार विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्यांचं मला वाईट वाटतं, कारण आधी कोणी नीट सांगितलंच नव्हतं.

२. सायकॉलॉजिस्ट, सायकिअॅट्रिस्ट आणि समुपदेशक यांत फरक काय?

सायकिअॅट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर. त्यांनी आधी एमबीबीएस आणि मग मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेलं असतं, ते औषधं देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रातून येतात, चाचण्या घेतात आणि बोलून उपचार करतात. त्यांच्या नोंदणीबद्दल प्रश्न १२ पहा. समुपदेशक अभ्यास, नाती, नोकरी, दुःख अशा अडचणींत साथ देतात आणि गरज वाटली तर योग्य ठिकाणी पाठवतात. मराठी वर्तमानपत्रांत पहिल्या दोघांनाही सर्रास "मानसोपचारतज्ज्ञ" म्हणतात, गोंधळ तिथेच सुरू होतो. डॉक्टर व्हायचं असेल तर मानसशास्त्राची पदवी ही ती वाट नव्हे, हे अकरावीच्या आधी कळलेलं बरं.

३. बारावी कॉमर्सला केली, मानसशास्त्र विषय कधीच नव्हता. चालेल का?

चालतं. पदवीचा पहिला पेपर शून्यापासून सुरू होतो. सायन्सवाल्यांना मेंदूचा भाग सोपा जातो, कॉमर्सवाल्यांना आकडेमोड, आर्ट्सवाल्यांना लेखन.

४. बडोद्यात हे नक्की कुठे शिकवतात? फॉर्म भरताना नावं वाचून गोंधळ होतो.

महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं. त्यातला मानसशास्त्र विभाग शिक्षण व मानसशास्त्र विद्याशाखेत आहे. कित्येक पालक फक्त कला शाखेच्या इमारतीत चौकशी करून परत येतात. गुजरातमधल्या सरकारी विद्यापीठांचे अर्ज आता राज्याच्या सामाईक प्रवेशाच्या जीकॅस पोर्टलवरून भरायचे असतात. तिथे अभ्यासक्रमाबरोबर विद्याशाखेचं नावही नीट वाचा.

शेजारचे दोन अभ्यासक्रम याच विद्यापीठात आहेत आणि तेही विचारात घ्या. एक, पूर्वीच्या होम सायन्समधला ह्यूमन डेव्हलपमेंट अँड फॅमिली स्टडीज. लहान मुलं, कुटुंब, बालशिक्षण यांत ज्याला खरा रस आहे त्याच्यासाठी मला तो मानसशास्त्रापेक्षा जवळचा वाटतो. त्या विभागाची स्वतःची चेतन बालवाडी आहे, त्यामुळे मुलांचं निरीक्षण पुस्तकाबाहेर करता येतं. दुसरं, सोशल वर्क. वस्तीत, दवाखान्यात, संस्थेत माणसांबरोबर प्रत्यक्ष काम करायचं असेल तर तिथलं क्षेत्रकार्य फार शिकवून जातं. मुलगा "मला लोकांना मदत करायची आहे" एवढंच म्हणत असेल तर तिन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांशी त्याची गाठ घालून द्या.

५. तीन वर्षांची पदवी घ्यावी की चार?

नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात तीन वर्षं म्हणजे १२० क्रेडिट आणि चार वर्षं म्हणजे १६० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप). चौथं वर्ष संशोधनासह करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. तीन वर्षांनंतर एम.ए. दोन वर्षांचं, चार वर्षांनंतर एक वर्षाचंही असू शकतं. म्हणजे एकूण पाचच.

चौथ्या वर्षी तुमच्या विभागात प्रबंधाला मार्गदर्शक खरोखर मिळतो का, आणि ज्या विद्यापीठात एम.ए. करायचं आहे तिथे एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे का, एवढं आधी विचारून घ्या. मध्येच सोडावं लागलं तर काय, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

६. गणित सुटावं म्हणून मुलीला हा विषय द्यायचा आहे. बरोबर ना?

नाही हो काकू. मध्यमान, मध्यांक, प्रमाण विचलन, सहसंबंध, टी-चाचणी हे सगळं येतं आणि ते सोडून पुढे जाता येत नाही. पण हे गणित बीजगणितासारखं कोरडं नाही. एका वर्गात सगळ्यांना पन्नासच्या आसपास गुण आहेत आणि दुसऱ्यात काहींना वीस, काहींना ऐंशी. दोन्हींचं मध्यमान पन्नासच, पण शिक्षकाला दोन्हीकडे वेगळं शिकवावं लागेल. हा फरक दाखवतं ते प्रमाण विचलन. दहावीचं गणित समजून केलेल्या मुलीला हे जमतं. "मला आकड्यांची भीती वाटते" हे विषय न घेण्याचं कारण नाही. "मी आकडे करणारच नाही" हे मात्र आहे.

७. प्रॅक्टिकलमध्ये काय असतं? वेड्यांच्या इस्पितळात नेतात का?

आधी शब्दाबद्दल. "वेड्यांचं इस्पितळ" म्हणू नका. कारेलीबागेत मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे आणि तिथे आपल्यासारखीच माणसं उपचारासाठी येतात. पदवीच्या प्रॅक्टिकलचा रुग्णांशी फारसा संबंध नसतो. दोन विद्यार्थी समोरासमोर बसतात, एक प्रयोग घेतो आणि एक देतो, मग अदलाबदल.

म्यूलर-लायर भ्रमाचं घ्या. दोन सारख्या रेषा, एकीच्या टोकांचे बाण आत वळलेले, दुसरीचे बाहेर. एक रेषा लहान दिसते. सरकती पट्टी हलवून दोन्ही सारख्या वाटेपर्यंत जुळवायची आणि चूक मिलिमीटरमध्ये नोंदवायची. खरं शिक्षण त्यापुढे आहे. निम्म्या वेळा पट्टी लहानापासून वाढवत न्यायची, निम्म्या वेळा मोठ्यापासून कमी करत. निम्म्या वेळा डावीकडे, निम्म्या वेळा उजवीकडे. का? कारण हात ज्या दिशेने सरकतो त्या दिशेची सवयही चुकीत मिसळते, ती वजा व्हायला हवी. हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मला या विषयाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.

आरशात पाहून तारा काढायचा असतो. पहिल्या खेपेला हात अक्षरशः भलतीकडे जातो, आठव्या-दहाव्या खेपेला वेळ आणि चुका दोन्ही उतरतात, आणि मग दुसऱ्या हाताने काढलं तर त्यालाही थोडं आलेलं असतं. हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच निरर्थक अक्षरगट पाठ करून विसरण्याचा आलेख काढला, तसा एक स्मृतीचा प्रयोगही असतो.

स्ट्रूपचा प्रयोग १९३५ चा. "लाल" हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला, आणि आपण शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. जीभ अडखळते, कारण वाचन आपोआप होतं, थांबवता येत नाही. आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तीन याद्या केल्या होत्या. घरी मराठी बोलणारी ती सर्वांत जास्त अडखळली गुजरातीत, कारण वाचायला ती गुजरातीत शिकली होती. एकीवरून निष्कर्ष निघत नाही, पण त्या दुपारी आम्ही सगळ्याच आपापल्या याद्या करत बसलो होतो.

हे सगळं जर्नलमध्ये उतरवायचं: समस्या, गृहीतक, साहित्य, दिलेल्या सूचना शब्दशः, तक्ता, चर्चा. आदल्या रात्री मैत्रिणीचं जर्नल उतरवून काढलं तर गुण मिळतील, पण तोंडी परीक्षेत पहिल्याच "का"ला पंचाईत होते.

८. घरी मराठी, बाहेर गुजराती, शाळाही गुजराती. इंग्रजीतून कसं झेपेल?

सयाजीराव विद्यापीठात शिकवणं इंग्रजीतून असतं, त्यामुळे पहिलं सत्र जड जातं हे खरं. पण या तीन भाषा तुमच्या पाठीशी आहेत. १९३१ साली याच शहरात राज्यकारभाराच्या शब्दांचा इंग्रजीसह आठ भाषांतला कोश छापला गेला होता. तसा आपल्या विषयापुरता वहीत करा. पानाचे तीन रकाने: इंग्रजी संज्ञा, मराठी किंवा गुजराती शब्द, आणि घरातलं उदाहरण. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा.

"निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट" म्हणजे शिक्षा, असं निम्मा वर्ग परीक्षेत लिहितो. मराठीत ते ऋण प्रबलन. उदाहरण असं: मूल रडतं, आई हातात मोबाइल देते, रडणं थांबतं. नकोसं रडणं थांबल्यामुळे आईचं मोबाइल देणं पक्कं झालं, हे ऋण प्रबलन. मुलाला हवं ते मिळाल्यामुळे त्याचं रडणं पक्कं झालं, ते धन प्रबलन. एकाच प्रसंगात दोघं एकमेकांना शिकवत आहेत. आपल्या घरातलं असं एक उदाहरण लिहिलं की ती व्याख्या पुन्हा पाठ करावी लागत नाही.

भाषेचं दुसरं कारण मला अधिक जवळचं आहे. पुढे तुमच्यासमोर माणूस येईल तो इंग्रजी संज्ञा घेऊन येणार नाही. वाडीतल्या आजी मराठी बोलता बोलता "गभरामण होते गं" म्हणतात, गुजरातीतून आलेला हा शब्द आपल्या घरात मुरला आहे. त्यात छातीतली धडधड आहे, काळजी आहे, कधी नुसता उकाडाही. तो ऐकून थेट "अँग्झायटी" लिहायचं नसतं. आधी विचारायचं: कधी होते, किती वेळ, घाम येतो का, डॉक्टरांना दाखवलं का? कारण ते हृदयाचंही असू शकतं. घालमेल, धसका, हुरहूर, मन न लागणं हे सगळे वेगवेगळे अनुभव आहेत, आणि ते ज्याला कानाने ओळखता येतात तो विद्यार्थी इंग्रजीत थोडा मागे असला तरी मला चालतो.

९. पुस्तकातली सगळी उदाहरणं अमेरिकन. ती आपल्याला लागू पडतात का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी मनापासून शाबासकी देते. २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच मांडलं: पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, श्रीमंत, लोकशाही देशांतल्या थोड्या लोकांवरून सगळ्या मानवजातीबद्दल बोललं जातं. प्रश्न ७ मधला रेषांचा भ्रमसुद्धा सगळ्या समाजांत सारख्या प्रमाणात दिसत नाही, हे १९६० च्या दशकातल्या तुलनेत आढळलं होतं.

मूळ प्रयोगच पक्के आहेत का, हाही प्रश्न आहे. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा पुनरावृत्तीत जेमतेम ३६ टक्के ठिकाणीच संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठळक परिणाम मिळाला. याचा अर्थ विषय खोटा, असा नाही. आपली चूक आपणच मोजून जाहीर करणारं शास्त्र विश्वासाला अधिक पात्र आहे असं मला वाटतं. मात्र पाठ्यपुस्तकात एक वाक्य छापलं आहे म्हणून ते ब्रह्मवाक्य मानू नका.

आपल्याकडेही काम झालं आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, ती बिने-कामत चाचणी म्हणून ओळखली जाते. सी. एम. भाटिया यांनी कृतीवर आधारलेली चाचणीमाला केली, कारण निरक्षर माणसाची बुद्धी लेखी पेपरने मोजणं अन्यायाचं होतं. परीक्षेत अशी नावं लिहा.

१०. अपसामान्य मानसशास्त्र वाचताना प्रत्येक आजार मलाच आहे असं वाटतं. हे नॉर्मल आहे का?

फार जणांना होतं, वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनाही. लक्षणं बहुतेक आपल्या सगळ्यांत थोडीफार असतात. निदानासाठी ती किती काळ टिकली आणि रोजच्या जगण्यात किती अडथळा आला हे पाहतात. पण झोप, जेवण, अभ्यास दोन-दोन आठवडे बिघडलेलं असेल तर "वाचल्यामुळे होतंय" म्हणून सोडून देऊ नका. टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत आहे.

माझ्यावर स्वतः उपचार चालू आहेत तर हा विषय घेऊ का, असंही बरेच जण हळूच विचारतात. घ्या. उपचार घेतलेला माणूस या विषयाला अपात्र ठरत नाही. फक्त पदवीचा अभ्यास हा उपचार नव्हे, तेव्हा औषधं आणि भेटी चालू ठेवा.

११. शेजारच्या मावशी म्हणतात, "आमच्या बंटीची टेस्ट घे ना." घेऊ का?

नको. विभागात शिकायला दिलेली चाचणी शिकण्यासाठीच आहे. तिचे गुण एकदा घरात पोचले की "याचा आयक्यू कमी" हे वाक्य त्या मुलाला कित्येक वर्षं चिकटतं. प्रशिक्षण नसताना अर्थ लावणं चूक आहे, आणि चाचणीतले प्रश्न बाहेर फुटले की ती सगळ्यांसाठीच निकामी होते. मावशींना सांगा, "मी अजून शिकते आहे, पण कुणाला दाखवायचं ते विचारून सांगते."

प्रकल्पासाठी ओळखीच्यांकडून प्रश्नावली भरून घेणं वेगळं. तिथे कशासाठी ते आधी सांगायचं, लेखी संमती घ्यायची, नाव लिहून घ्यायचं नाही, आणि "मध्येच सोडलंत तरी चालेल" हे मनापासून म्हणायचं. अठरा वर्षांखालील असेल तर पालकांचीही संमती.

१२. बी.ए. झाल्यावर लगेच समुपदेशनाचं केंद्र काढता येईल का?

माझं स्पष्ट मत: नाही, आणि जो तसं सांगून आठवड्याचा "सर्टिफिकेट कोर्स" विकतो त्याच्यापासून दूर राहा.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने आली. आजवरची नेहमीची वाट एम.ए. आणि मग आरसीआयमान्य दोन वर्षांचं एम.फिल. अशी होती. एम.फिल. बंद करण्याचं धोरण आल्यावर क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५–२६ पर्यंत मुदत मिळाली. पुढची वाट आरसीआयच्या नव्या अभ्यासक्रमांतून जाते. आज पहिल्या वर्षाला असाल तर एम.ए.च्या वेळी आरसीआयची मान्यताप्राप्त संस्थांची ताजी यादी पाहूनच ठरवा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर नको. इतर मानसशास्त्रज्ञांचं काम २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात आलं आहे.

१३. मग बी.ए.वर नोकरी कोणती? हिचे बाबा रोज विचारतात.

बाबांचा प्रश्न रास्त आहे. फक्त बी.ए.वर मनुष्यबळ विभागात, बाजार-संशोधनात, स्वयंसेवी संस्थांत, विशेष मुलांच्या केंद्रात मदतनीस म्हणून सुरुवात होते. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत भरती आणि प्रशिक्षणाचं काम करणाऱ्या माझ्या काही मैत्रिणी मानसशास्त्राच्याच आहेत. सीबीएसई शाळांत समुपदेशक नेमावा असा नियम आहे, पण त्यासाठी कोणती पात्रता लागते ते आधी तपासा. एकूण हा लांब पल्ल्याचा विषय आहे. पाच वर्षं शिकवण्याची घरची तयारी आहे का, हे प्रवेशाआधीच बसून बोला. मुलगी तिसऱ्या वर्षाला असताना "आता बास" म्हणणं फार दुखावतं.

१४. नोकरी करत पत्रद्वारा किंवा ऑनलाइन करता येईल का?

नवा प्रवेश नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने प्रवेश देणं बंद केलं. कारण प्रश्न १२ मधला २०२१ चा कायदा. बी.ए.त अनेक विषय असतील तर बाकीचे चालू राहतात, फक्त मानसशास्त्र वगळलं जातं. तरीही जाहिराती येतात. पैसे भरण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावर ती संस्था आणि तो विषय दोन्ही तपासा.

१५. लग्न ठरलं किंवा बदली झाली आणि मध्येच सोडावं लागलं तर?

पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, पण त्यासाठी उन्हाळ्यात ४ क्रेडिटचं जादा काम पूर्ण करावं लागतं. परत येण्यासाठी ३ वर्षांची आणि एकूण पदवीसाठी ७ वर्षांची मर्यादा आहे. मिळवलेल्या क्रेडिटचा हिशेब ठेवणाऱ्या क्रेडिट बँकेत नोंद झाली आहे ना, हे सोडतानाच बघा.

१६. बी.कॉम. झालं आहे. आता मानसशास्त्रात एम.ए. करता येईल?

आयोगाच्या २०२४ च्या आराखड्यानुसार प्रवेश परीक्षा देऊन दुसऱ्या विषयात एम.ए.ला जाता येतं. मात्र प्रत्येक विद्यापीठ आपल्या अटी लावतं. आणि प्रश्न ६ व ७ मधलं सगळं तुम्हाला पहिल्या दोन महिन्यांत स्वतःच भरून काढावं लागेल.

१७. माझ्या भावाला दिसत नाही. प्रॅक्टिकलमुळे त्याला नाही म्हणतील का?

तसं म्हणता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, वयातही ५ वर्षांची सूट आहे. रेषांचा भ्रम किंवा आरशातला तारा त्याला करता येणार नाही, त्याऐवजी दुसरा प्रयोग द्यावा असा अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच लेखी द्या. स्मृतीचे प्रयोग ऐकून होतात. आणि बोटाने चाचपत वाट शोधायचा चक्रव्यूहाचा जुना प्रयोग तर डोळस विद्यार्थ्यांनाही डोळ्यांवर पट्टी बांधूनच करावा लागतो.